ऑरिन टॅलमन कामाला लागला

माझ्या बहिणीचा नवरा ऑरिन टॅलमन लढाईवर जाण्यापूर्वी आमच्या गावातला सर्वांत आळशी माणूस होता, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. उत्तर मिशिगनमध्ये उन्हाळा जेमतेम चार दिवसांचा. तेवढ्यात चेरी उतरवायच्या, गवत कापून भरायचं, लाकडं रचायची, फळांचे डबे भरायचे. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या हातांवरून होते. अशा गावात हा पठ्ठ्या तळ्यावर होडी सोडून त्यात उताणा पडायचा आणि वारा नेईल तिकडे जायचा. आमचा बाप, पा, म्हणायचा, "त्या पोराच्या बुडाखाली एक दिवस गवत उगवेल."

तरी लिओटा त्याच्याच प्रेमात पडली. ती माझ्यापेक्षा मोठी, दिसायला चांगली, कामाला वाघ. लाकूडगिरणीच्या मालकाचा मुलगा तिच्यासाठी घिरट्या घालत होता. मी तिला एकदा विचारलं, "त्या टॅलमनमध्ये तुला दिसलं तरी काय?" तेव्हा ती म्हणाली, "मार्सेला, त्याच्याजवळ बसलं ना, की वाटतं आज आपल्याला कुठेच पोचायचं नाहीये." आमच्या घरात वाढलेल्या मुलीला याचं काय अप्रूप वाटलं असेल, ते मला लगेच कळलं. आमची मा जेवतानासुद्धा एका हातानं वाटाणे सोलायची.

लग्न झालं आणि वर्षभरात ऑरिनला लष्कराचं बोलावणं आलं. तो फ्रान्सला गेला. लढाई संपली, गावातली बाकीची मुलं परत आली, स्टेशनवर बँड वाजला, पण ऑरिनला तिकडेच ठेवून घेतलं होतं. काहीतरी काम राहिलंय, एवढंच तो कळवायचा. तो आला तेव्हा पानं गळून गेली होती आणि बँडवाले आपापल्या कामाला लागले होते. स्टेशनवर मी, लिओटा आणि पा, एवढेच.

तो वाळला होता, पण धडधाकट होता. त्यानं लिओटाला मिठी मारली, पाचा हात हातात घेतला, माझ्या डोक्यावर टपली मारली. आम्ही सगळे आमच्या घरी आलो. मानं डुकराची तंगडी भाजली होती, चेरीची गोड पाई केली होती. ऑरिननं फाटक उघडलं, ते जरा कुरकुरलं, तो थांबला. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "पा, हातोडी आहे?"

"अरे, आधी जेव तरी!"

"दोन मिनिटांचं काम आहे."

त्यानं फाटक उतरवलं, बिजागरी बदलली, मग कुंपणाचे दोन खांब सरळ केले, मग पडवीची एक फळी ठोकली. जेवण पार गारठलं. पा मात्र खूश होता. मला कोपरखळी मारून म्हणाला, "बघ, बघ. लष्करानं जादू केली."

त्या दिवसापासून ऑरिन थांबला नाही. स्वतःच्या गोठ्याचं छप्पर झाल्यावर त्यानं शेजाऱ्याचं घेतलं. चर्च आतून-बाहेरून रंगवलं. शाळेची चूल दुरुस्त केली. हिवाळ्यात तळ्यावर साठवणीचा बर्फ कापायला तो सगळ्यांच्या आधी जायचा आणि सगळ्यांच्या नंतर परत यायचा. कुणाची घड्याळं, कुणाचे पंप, कुणाच्या बग्ग्या. पैसे दिले तर घ्यायचा, नाही दिले तर आठवणसुद्धा करायचा नाही. जेवायचा उभ्यानं, ओट्याशी. संध्याकाळी बुटांसकट पलंगावर पडायचा तो दगड पडावा तसा.

गावाला अर्थातच आनंद झाला. हार्डवेअरच्या दुकानातले मिस्टर स्प्रेग लिओटाला म्हणाले, "नशीबवान आहेस हं! लष्करानं माणूस केला त्याला."

"माणूस तो आधीपण होता, मिस्टर स्प्रेग," लिओटा म्हणाली. "आता काय झालाय ते मला कळत नाही."

स्प्रेग हसले. त्यांना वाटलं, बायका नेहमी असंच बोलतात.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. बँकेच्या वरच्या खोलीत, कानाला पट्टा लावून, गावभरच्या दोऱ्या या भोकातून त्या भोकात घालायच्या. गावाचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता आणि तो कुणीच पाळत नव्हतं. ऑरिनचं कौतुक मी रोज ऐकायचे. आया आपल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायच्या. लिओटाचा फोन आला की मात्र ती एवढंच विचारायची, "मार्सेला, आज कुठे दिसला का गं तो? कुणाकडे आहे?"

एक गोष्ट तिनं माझ्याआधी हेरली. वसंत आला, जमीन मऊ झाली, तशी ती त्याला म्हणाली, "बटाट्यांची जागा खणून दे ना." तो "हो" म्हणाला आणि चर्चच्या कुंपणाला रंगाचा दुसरा हात द्यायला निघून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं फावडं त्याच्या हातातच दिलं. फावडं त्यानं भिंतीला टेकवून ठेवलं, अगदी हळू, जणू ते काचेचं होतं, आणि म्हणाला, "मी शेजारच्या त्या हॉलंडकरांच्या छपरावर आहे. काही लागलं तर हाक मार." शेवटी जागा आम्ही दोघींनी खणली. मग आम्हाला आठवलं, हिवाळ्यातसुद्धा दारातला बर्फ त्यानं कधी फावड्यानं काढला नव्हता. त्यासाठी त्यानं एक लाकडी ढकलणी बनवली होती आणि सगळ्या गावानं ती वाखाणली होती.

"मी विचारू का त्याला?" मी म्हटलं.

"विचारून झालंय," लिओटा म्हणाली. "तो म्हणतो, खूप काम पडलंय."

एका रविवारी तिनं त्याची सगळी हत्यारं पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. "आज तू माझ्याजवळ बसायचं," ती म्हणाली. तो बसला. शहाण्या मुलासारखा बसला. तिनं कॉफी दिली. बाहेर छान ऊन होतं. थोड्या वेळानं त्याचे गुडघे हलायला लागले, मग हात. त्यानं टेबलक्लॉथची झालर बोटांत धरली आणि तिच्या वेण्या घालायला लागला, एकामागून एक, इतक्या भराभर की कप कलंडला.

"किल्ली दे, लिओटा."

"नाही. तासभर तरी बस. माझ्याशी बोल."

"दे गं. विनवतो तुला."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली काढून दिली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. चिडलेली होती. "मी एका आळशी माणसाशी लग्न केलं होतं," ती म्हणाली. "तो मला परत पाहिजे."

त्यांच्या शेजारी गेरिट डेक्कर नावाचा हॉलंडकर शेतकरी होता, लालबुंद, थोराड, अतिशय कमी बोलणारा. त्या एप्रिलमध्ये तो झऱ्यापासून गोठ्यापर्यंत पाण्याचा नळ टाकायला चर खणत होता. आमच्याकडची जमीन म्हणजे वरून माती आणि आतून रेती. चर डोक्याच्या वर गेला होता आणि गेरिटनं बाजूंना फळ्या लावल्या नव्हत्या. दुपारी एक्स्चेंजमध्ये माझ्यासमोरच्या फळीवर त्यांच्या लाइनीचा दिवा लागला आणि त्याची बायको योहाना किंचाळली, "गेला! मातीखाली गेला!" पुढचं सगळं ती डच भाषेत बोलत होती.

मी सगळ्या शेतांच्या लाइनी एकदम वाजवल्या. आग लागली की वाजवतात तशा. मग लिओटाला. लिओटा गोठ्यापाशी धावत गेली. ऑरिन शिडीवर होता, तोंडात खिळे.

"ऑरिन, गेरिट चरात गाडला गेलाय!"

तो उतरला. ती सांगते, तो पहिल्यांदा धावलाच नाही. खिळे एकेक करून तोंडातून काढले, खिशात ठेवले, भिंतीपाशी गेला आणि फावडं उचललं. आणि मग असा धावला की तिला तो कुंपणापलीकडेच दिसला.

पुढचं मी पाकडून ऐकलं, कारण तोही तिथे पोचला होता. पाच-सहा माणसं चराच्या काठावर उभी राहून भसाभसा उपसत होती आणि त्यांच्याच पायांखालून रेती परत आत जात होती. ऑरिन ओरडला, "काठावरून हटा! सगळे मागे! गोठ्याची दारं काढून आणा!" त्याचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. माणसं मुकाट्यानं दारं उतरवायला गेली. दारं आडवी लावून त्यानं बाजू धरल्या. मग योहानाला विचारलं, "तो कुठे उभा होता? तोंड कुणीकडे होतं?" तिनं दाखवलं. तो आत उतरला. थोडंसं फावड्यानं काढलं, मग फावडं वर दिलं आणि हातांनी काढायला लागला. पा म्हणाला, "घाई नव्हती त्याला, मार्सेला. परत आल्यापासून त्या माणसाला मी पहिल्यांदा सावकाश काम करताना पाहिलं."

आधी गेरिटचे केस दिसले. मग कपाळ. ऑरिननं त्याच्या नाकातली रेती काढली, तोंडात बोट घालून तोंड मोकळं केलं, आणि गेरिट खोकला. वर सगळे एकदम ओरडले. योहाना मटकन खाली बसली. कुणीतरी टोपी उडवली.

ऑरिन मात्र थांबला नाही. छातीपर्यंत रेती काढली आणि त्याचे हात गेरिटच्या गळ्यापाशी गेले. कॉलरच्या आत बोटं घालून तो काहीतरी शोधत होता. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग त्यानं शर्टाचा खिसा उलटा केला. तंबाखूची पुडी निघाली, ती त्यानं नीट बाजूला ठेवली.

"ऑरिन," गेरिट म्हणाला, रेतीनं भरलेल्या आवाजात, "अरे, मी आहे."

"नाव?" ऑरिननं विचारलं.

"गेरिट. गेरिट डेक्कर. तुझ्या शेजारचा."

ऑरिन त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं आपले हात पाहिले, आणि तो तिथेच रेतीत बसला. लिओटा चरात उतरली. दोघांनाही वर ओढावं लागलं, आणि पा म्हणतो की दोघांत जड ऑरिनच होता.

गेरिटच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. ऑरिनला काहीच झालं नव्हतं. फक्त तो दुसऱ्या दिवशी उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर आले, छाती तपासली, म्हणाले, पडू दे, बसू दे, काही करायला लावू नका. पुढे तो उठला, पण पलंगावरून खुर्चीपर्यंत. खिडकीशी बसून राहायचा. कुणाचं अर्धं राहिलेलं छप्पर तसंच, कुणाचा उघडा पंप तसाच. पहिला आठवडा सगळ्यांनी केक आणि सूप पाठवलं. नंतर एक्स्चेंजवरची भाषा बदलली. "अजून बसूनच आहे का?" "तरणाताठा माणूस!" स्प्रेग मला पोस्टापाशी भेटले आणि डोळा मारून म्हणाले, "काय, जुना ऑरिन परत आला वाटतं?"

"जुना ऑरिन बसायचा तेव्हा हसायचा," मी म्हटलं. "तुम्ही एकदा जाऊन बघा, मग बोला." ते गेले नाहीत.

लिओटाला हवा होता तो माणूस आता दिवसभर तिच्याजवळ बसलेला होता, आणि त्याच्याकडे पाहून तिचा जीव घाबरा व्हायचा. एकदा मला म्हणाली, "वाटतं, ती किल्ली पुन्हा द्यावी. छप्परं तर छप्परं."

मे महिन्यात एका सकाळी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती आणि तो टेबलापाशी होता. तो आपणहून बोलायला लागला. सांगायला लागला तो हवामानाबद्दल बोलावं तसा.

लढाई संपल्यावर त्यांच्या तुकडीला मागे ठेवलं होतं. घाईघाईत जिथे जागा मिळाली तिथे पुरलेली माणसं, कुणी शेतात, कुणी रस्त्याकडेला, ती सगळी वर काढायची. गळ्यातली नावाची पट्टी शोधायची, नसली तर खिसे बघायचे, नाव लिहायचं, कापडात बांधायचं आणि मोठ्या कबरस्तानात नेऊन पुन्हा पुरायचं. महिनोन्महिने.

"मी त्यात सगळ्यांत चांगला होतो, लिओटा," तो म्हणाला. "सार्जंट म्हणायचा, टॅलमनसारखा कामाचा माणूस नाही. बाकीचे मध्येच थांबायचे, सिगारेट ओढायचे, ओकायचे. मी थांबायचोच नाही. हात चालू असले ना, की मला दिसत नव्हतं. थांबलं की दिसायचं."

"आणि इथे आल्यावर?"

"इथेही थांबलं की दिसत होतं. म्हणून नाही थांबलो."

"आणि आता?"

"आता दिसतंच," तो म्हणाला. मग त्यानं तिला एकाबद्दल सांगितलं, फक्त एकाबद्दल. ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"मग तू काय म्हणालीस त्याला?" मी विचारलं.

लिओटा खाली बघून म्हणाली, "मी उठले आणि भांडी घासायला घेतली."

तिथून तिचं सुरू झालं. घरात पैसा येत नव्हता हे खरं, म्हणून ती डबे भरायच्या कारखान्यात लागली. चेरीतल्या बिया काढून काढून तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. पण कारखाना सुटला की ती घरी जाऊन गाद्या उसवायची, पडदे धुवायची, योहानाची भाकरी भाजून द्यायची, चर्चच्या जेवणाची सगळी जबाबदारी अंगावर घ्यायची. गाव पुन्हा खूश. "पोरीनं घर सावरलं हं," अशी वाहवा मी दोऱ्यांमधून ऐकायचे, आणि हेच शब्द, हाच सूर मी आधी ऐकला होता.

ऑरिनची सोबत मात्र गेरिटनं केली. बरगड्या बऱ्या झाल्यावर तो रोज दुपारी कुंपण ओलांडून यायचा आणि त्याच्या शेजारी बसायचा. गेरिटला आता तळघरात उतरवत नव्हतं. दारं लावलेली खोलीही नको व्हायची. दोघं पडवीत बसायचे, बोलायचे जवळजवळ नाहीच. कधी गेरिट म्हणायचा, "आज जरा बरं आहे." कधी ऑरिन म्हणायचा, "आज नाही."

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी गेले तर ते दोघं असेच बसलेले आणि लिओटा स्टुलावर उभी राहून खिडकीच्या काचा पुसत होती. त्याच काचा तिनं आदल्या रविवारी माझ्यासमोर पुसल्या होत्या.

"बस की जरा," मी म्हटलं.

"दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

ऑरिननं मान वर केली. मग उठला, हळूहळू तिच्यापाशी गेला. "ते कापड दे."

"तू बस. डॉक्टरांनी सांगितलंय."

"लिओटा, दे."

"अरे, ही कड राहिलीय..."

"माझ्यासारखं करू नकोस," तो म्हणाला.

तिचा हात काचेवर तसाच थांबला. मग इतक्या बारीक आवाजात बोलली की मला ती लहानपणची लिओटा वाटली. "बसले ना, की मलाही दिसतात रे ते. मी तर पाहिलेही नाहीत. तरी दिसतात."

ऑरिनचं तोंड उतरलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण सांगितलं आणि त्यातलं अर्धं तिच्या अंगावर टाकलं, असं काहीसं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, "मी सांगायला नको होतं."

"सांगायलाच हवं होतंस," ती एकदम रागानं म्हणाली. "तसं बोलू नकोस! सांगायलाच हवं होतंस." आणि स्टुलावरून उतरताना तिचा तोल गेला. त्यानं तिला धरलं, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडली. गेरिट उठून गोठ्याकडे निघून गेला. मीही विहिरीपर्यंत जाऊन आले.

यानंतर सगळं ठीक झालं असं सांगायला मला आवडलं असतं. सोमवारी लिओटा कारखान्यात गेली, कारण जावंच लागत होतं. पुढच्या हिवाळ्यात ऑरिन गिरणीत लागला. आठवड्यातले काही दिवस तो जातो, काही दिवस त्याला जमत नाही, आणि गिरणीवाले कधी समजून घेतात, कधी नाही. एकदा तो पुन्हा कामामागे सुटला होता, तीन आठवडे, सगळ्या गावची कुंपणं. लिओटानं त्याला अडवलं नाही. ती त्याच्याबरोबर गेली, खांब धरायला, आणि तो दमल्यावर त्याला घेऊन आली. उलटही होतं. ती घर डोक्यावर घ्यायला लागली की तो तिच्या हातातलं काढून घेतो. कधी ती देते, कधी त्याच्यावर खेकसते.

मुलं त्यांना झाली नाहीत. होडी कधीच विकून टाकली. परवा मी जेवायला गेले होते. जेवण झालं, ताटं तशीच पडली होती आणि कुणी उठत नव्हतं. लिओटा दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली होती. नुसती बसली होती, पण बोटांची टोकं पांढरी होईपर्यंत टेबल दाबून धरलं होतं. ऑरिन तिच्याकडे बघत होता.

"अजून थोडा वेळ?" त्यानं विचारलं.

"थोडा," ती म्हणाली.